जवळजवळ क्रमात असलेल्या डेटासाठी सॉर्टिंगची पद्धत कशी निवडावी

एखादी यादी आधीच बरीचशी क्रमात असते. काही नोंदी उशिरा आल्या, काही मध्येच बदलल्या, काही शेवटी चिकटवल्या, म्हणून ती पुन्हा सॉर्ट करायची असते. पाठ्यपुस्तकातलं उत्तर एका ओळीचं आहे: "डेटा जवळजवळ सॉर्टेड असेल तर इन्सर्शन सॉर्ट वापरा." इन्सर्शन सॉर्ट म्हणजे एकेक नोंद घेऊन आधीच्या क्रमात लागलेल्या नोंदींत योग्य जागी बसेपर्यंत मागे सरकवणं. मुलाखतीत हे उत्तर चालून जातं, पण प्रत्यक्ष कामात त्यावर विसंबलं तर काही सेकंदांचं काम तासावर जाऊ शकतं. कारण "जवळजवळ सॉर्टेड" ही एकच स्थिती नाही. तिचे निदान चार-पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळी पद्धत मानवते.

वेगवेगळ्या सर्व्हरचे लॉग एकत्र करणं, सेन्सरच्या नोंदी वेळेच्या क्रमाने लावणं ही कामं मी बरीच वर्षं करत आलो आहे. नव्याने या कामात येणाऱ्याला जे आधी कळायला हवं, ते इथे त्याच क्रमाने लिहितो.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- खऱ्या डेटाचा नमुना. स्वतः तयार केलेली "थोडीशी विस्कटलेली" यादी चालणार नाही, कारण ती कशी विस्कटायची हे तुम्हीच ठरवलेलं असतं.
- तुलनेचा नियम, कागदावर लिहिलेला: कोणती की (ज्या किमतीवरून नोंदी लावायच्या ती) आधी, कोणती नंतर, रिकामी किंमत कुठे जाणार.
- तुलना किती झाल्या हे मोजणारा काउंटर. तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली की झालं.
- दोन प्रश्नांची उत्तरं. की समान असलेल्या नोंदींचा मूळ क्रम टिकला पाहिजे का? आणि सगळा डेटा एकदम हाती येतो, की येतच राहतो?

पायरी १: तुलनेचा नियम बरोबर आहे ना, ते आधी पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. अनेकदा यादी पूर्ण क्रमात असते आणि तुलनाच चुकीची असते. आकडे मजकूर म्हणून साठवले असतील तर "१०" हे "९" च्या आधी येतं. जावास्क्रिप्टमध्ये तर संख्यांची यादी असली तरी तुलनेचं फंक्शन न देता सॉर्ट केल्यास संख्या मजकूर समजूनच लावल्या जातात. दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने लिहिलेली तारीख मजकूर म्हणून ताडली की जानेवारीची पाच तारीख डिसेंबरच्या चार तारखेनंतर जाऊन बसते, मग वर्ष कोणतंही असो.

मराठी नावांच्या यादीत याचा खास त्रास होतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. युनिकोडमध्ये मात्र ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढचा आहे, आणि क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. म्हणून वर्णमालेप्रमाणे "काल, कावळा, कासव, काळ" असा बरोबर लावलेला क्रम नुसत्या युनिकोड क्रमांकाने ताडला तर "काळ" चुकीच्या जागी आहे असं दिसतं. यादीच्या शेवटी असलेल्या क्षितिजा आणि ज्ञानदा तर थेट क आणि ज मध्ये जाऊन पडतात. तुम्ही म्हणाल, दोन-चार नावंच विस्कटली आहेत, इन्सर्शन सॉर्ट बरा. खरं तर सॉर्ट करायची गरजच नव्हती. अशा ठिकाणी मराठीच्या नियमाने तुलना करणारा कोलेटर वापरा, तो आयसीयू या वेगवेगळ्या भाषांचे नियम पुरवणाऱ्या लायब्ररीत मिळतो. ळ, क्ष, ज्ञ असलेले काही शब्द देऊन त्याचा निकाल एकदा डोळ्यांखालून घाला.

तुलना सुसंगतही हवी. अ हा ब पेक्षा लहान आणि ब हा क पेक्षा लहान असेल, तर अ हा क पेक्षा लहान निघालाच पाहिजे. दोन पूर्णांकांची वजाबाकी करून तुलना करणारा कोड मोठ्या संख्यांवर ओव्हरफ्लो होऊन (उत्तर ठरलेल्या जागेत न मावल्याने चिन्हच उलटून) हा नियम मोडतो. जावा ७ पासून अशी विसंगती लक्षात आली तर सॉर्ट एक्सेप्शन देऊन थांबू शकतो. इतर भाषांत बहुधा काहीच न सांगता चुकीची यादी हाती पडते.

पायरी २: विस्कट कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

या तीन याद्या पाहा. तिन्हींत आठ संख्या आहेत आणि तिन्ही "जवळजवळ सॉर्टेड" म्हणता येतील.

पहिली: २ १ ४ ३ ६ ५ ८ ७
दुसरी: ८ १ २ ३ ४ ५ ६ ७
तिसरी: ५ ६ ७ ८ १ २ ३ ४

पहिल्या यादीत प्रत्येक संख्या आपल्या जागेपासून फार तर एक घर दूर आहे. नेटवर्कवरून येणाऱ्या नोंदी अशा असतात: सगळ्या थोड्याथोड्या मागेपुढे, पण फार लांब कोणीच नाही. दुसऱ्या यादीत एकच संख्या चुकलेली आहे, पण ती सात घरं दूर आहे. पुनर्मूल्यांकनात मोजक्या विद्यार्थ्यांचे गुण बदलले की गुणवत्ता यादीचं असंच होतं. तिसरीत दोन तुकडे आहेत, प्रत्येक तुकडा आतून पूर्ण क्रमात. महिन्यांच्या किंवा सर्व्हरच्या फाइल एकाखाली एक जोडल्या की हे चित्र दिसतं.

आता उलट्या जोड्या मोजू. मोठी संख्या आधी आणि लहान नंतर अशी प्रत्येक जोडी एक धरायची. पहिल्या यादीत अशा ४ जोड्या आहेत, दुसरीत ७ आणि तिसरीत १६. इन्सर्शन सॉर्टला नोंदी जितक्या वेळा सरकवाव्या लागतात, तो आकडा उलट्या जोड्यांइतकाच असतो. म्हणून या पद्धतीचा खर्च यादीची लांबी अधिक उलट्या जोड्या, इतका येतो. पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्याचा आधार एवढाच आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच दिसते.

तिसरा प्रकार मोठा करून पाहा. दहा लाख नोंदी, अर्ध्या-अर्ध्या दोन तुकड्यांत, आणि दुसरा तुकडा पूर्णपणे पहिल्याच्या आधीचा. उलट्या जोड्या होतात पाच लाख गुणिले पाच लाख, म्हणजे २५,००० कोटी. पूर्ण पिसलेल्या दहा लाखांच्या यादीतही सरासरी इतक्याच उलट्या जोड्या असतात! डोळ्यांना जी यादी जवळपास सॉर्टेड दिसते, ती इन्सर्शन सॉर्टच्या दृष्टीने पूर्ण विस्कटलेली असते. तेच काम मर्ज करून, म्हणजे दोन्ही तुकड्यांतल्या पुढच्या नोंदी ताडून लहान ती आधी घेत गेलं, तर दहा लाखांहून कमी तुलनांत होतं.

चौथा प्रकार रोजच्या कामात सर्वांत जास्त भेटतो: लांबलचक सॉर्टेड यादी आणि शेवटी चिकटवलेल्या थोड्या नव्या नोंदी. दहा लाखांच्या यादीच्या शेवटी फक्त शंभर नोंदी कशाही क्रमाने जोडल्या, तर त्या प्रत्येकीला सरासरी पाच लाख घरं मागे जावं लागतं. एकूण पाच कोटी सरकवण्या. यादी तुकड्यांत फोडून ते मर्ज करत जाणारा साधा मर्ज सॉर्ट अख्खी यादी शून्यापासून लावायला सुमारे दोन कोटी तुलना घेतो. म्हणजे दहा हजारांत एक नोंद चुकीच्या जागी असली तरी इन्सर्शन सॉर्ट हरू शकतो. हा हिशेब मी नव्या सहकाऱ्यांना कागदावर मांडायला लावतो, कारण नुसतं सांगितलेलं पटत नाही.

पाचवा प्रकार म्हणजे उलटी यादी, उतरत्या क्रमाची. ती नुसती उलटवायची असते.

पायरी ३: अंदाज न करता मोजा

तीन मोजमापं पुरेशी आहेत.

पहिलं: किती ठिकाणी पुढची नोंद मागच्यापेक्षा लहान आहे. यादीवरून एकदा फिरलं की हे कळतं. उत्तर शून्य आलं तर काम संपलं, सॉर्ट करूच नका. या आकड्यात एक मिळवला की आतून क्रमात असलेल्या तुकड्यांची संख्या मिळते. वरच्या याद्यांत ती अनुक्रमे ५, २ आणि २ आहे.

दुसरं: जास्तीत जास्त अंतर. नमुन्यातल्या प्रत्येक नोंदीला तिचा मूळ क्रमांक चिकटवा, नमुना सॉर्ट करा आणि जुन्या-नव्या क्रमांकांतला सर्वांत मोठा फरक पाहा. वरच्या याद्यांत तो १, ७ आणि ४ येतो. खऱ्या डेटात नुसता सर्वांत मोठा फरक पाहू नका, फरकांची विभागणीही पाहा. बहुतेक नोंदी तीन घरांच्या आत आणि एखादीच चाळीस हजार घरं दूर असेल, तर तुमच्याकडे दोन प्रकार मिसळलेले आहेत.

तिसरं: किती नोंदी काढून टाकल्या तर उरलेली यादी क्रमात राहील. इथे एक सापळा आहे. "आपल्या जागी नसलेल्या नोंदी" मोजू नका. दुसऱ्या यादीत आठही संख्या आपापल्या जागी नाहीत, पण दोषी फक्त ८ आहे. तो काढला की यादी सरळ होते. हा आकडा काढायला सर्वांत लांब चढती उपमालिका शोधावी लागते, म्हणजे मधल्या नोंदी गाळत पण क्रम न बदलता निवडलेली सर्वांत लांब चढती ओळ; तिच्याबाहेर उरतात तितक्या नोंदी काढायच्या. तिचा प्रोग्राम लहान असतो, नमुन्यावर एकदा चालवायला काहीच हरकत नाही.

पायरी ४: भाषेत तयार असलेला सॉर्ट आधी वापरून पाहा

माझा स्पष्ट सल्ला आहे: सगळा डेटा मेमरीत मावत असेल, तर दहापैकी नऊ वेळा भाषेतला तयार सॉर्टच पुरतो. फक्त तो आतून काय करतो हे माहीत हवं.

पायथनमध्ये टिमसॉर्ट आहे. टिम पीटर्स यांनी तो २००२ मध्ये लिहिला, आणि तो नेमका अशा अर्ध्या क्रमात असलेल्या डेटासाठीच. तो यादीत आधीपासून असलेले चढते तुकडे शोधतो, काटेकोर उतरता तुकडा दिसला तर उलटवून घेतो, फार लहान तुकडे इन्सर्शनने वाढवतो आणि मग तुकडे मर्ज करतो. मर्ज करताना एकाच तुकड्याच्या नोंदी सलग पुढे येऊ लागल्या, तर एकेक ताडत बसण्याऐवजी उड्या मारत पुढची जागा शोधतो. पूर्ण सॉर्टेड यादीवर तो लांबीपेक्षा एक कमी इतक्याच तुलना करतो. शेवटी शंभर नोंदी चिकटवलेली ती दहा लाखांची यादी त्याला दिली, तर खर्च दहा लाखांच्या किंचित वर राहतो. तुकडे कोणत्या क्रमाने मर्ज करायचे याचा नियम पायथन ३.११ मध्ये बदलला. तो आता पॉवरसॉर्ट नावाच्या पद्धतीचा आहे. वापरणाऱ्याला मात्र काहीच बदलावं लागत नाही.

जावात ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेसाठी जावा ७ पासून टिमसॉर्टच आहे. साध्या संख्यांच्या अ‍ॅरेला दोन पायव्हटचा क्विकसॉर्ट (निवडलेल्या नोंदीपेक्षा, म्हणजे पायव्हटपेक्षा, लहान आणि मोठ्या असे गट पाडत जाणारा) लागतो, पण तोही आधी तयार तुकडे आहेत का ते पाहतो. क्रोममधलं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ इंजिन २०१८ मध्ये टिमसॉर्टवर आलं. गो भाषेत १.१९ पासून पीडीक्यूसॉर्ट हा क्विकसॉर्टचा सुधारित प्रकार आहे. तो पूर्ण सॉर्टेड आणि पूर्ण उलट्या यादीला ओळखून एका फेरीत उरकतो, पण समान नोंदींचा क्रम टिकवत नाही.

सी प्लस प्लसमध्ये मात्र सावध राहा. तिथला नेहमीचा सॉर्ट सहसा इन्ट्रोसॉर्ट, म्हणजे अडचण आली की दुसऱ्या पद्धतीकडे वळणारा क्विकसॉर्ट, असतो. वाईटात वाईट यादीवरही तो कोलमडत नाही, पण आधीच्या क्रमाचा त्याला फारसा फायदाही होत नाही. तिथे सॉर्टेड यादीला शेपूट जोडलं असेल तर फक्त शेपूट सॉर्ट करा आणि लायब्ररीतल्या इनप्लेस मर्जने दोन्ही भाग जोडा.

डेटा डेटाबेसमध्ये असेल तर तो बाहेर आणून सॉर्ट करण्याआधी इंडेक्स (त्या क्रमाने आधीच लावून ठेवलेली सूची) आहे का ते पाहा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती १३ पासून तिथे इन्क्रिमेंटल सॉर्ट आहे: यादी तारखेने आधीच लागलेली असेल आणि तुम्हाला तारीख व रक्कम असा क्रम हवा असेल, तर तो प्रत्येक तारखेच्या आतलाच भाग सॉर्ट करतो.

पायरी ५: तयार सॉर्ट पुरत नसेल तर प्रकारानुसार निवडा

*सगळ्या नोंदी थोड्याच मागेपुढे असतील आणि डेटा येतच असेल,* तर तयार सॉर्ट उपयोगाचा नाही, कारण त्याला पूर्ण यादी लागते. इथे लहान हीप वापरा. हीप म्हणजे आतल्या नोंदींतली सर्वांत लहान (मिन-हीप) नेहमी पटकन काढून देणारी रचना. माझ्या मते या लेखातली सर्वांत उपयोगी पद्धत हीच आहे.

समजा कोणतीही नोंद आपल्या जागेपासून २० घरांपेक्षा दूर नाही. मग २१ नोंदी मावतील असा मिन-हीप घ्या. पहिल्या २१ नोंदी त्यात टाका. सर्वांत लहान नोंद या २१ मध्येच असणार, कारण तिची खरी जागा पहिली आहे आणि ती २० घरांपेक्षा दूर असू शकत नाही. ती बाहेर काढून लिहा, पुढची नोंद आत टाका, आणि असंच शेवटपर्यंत. शेवटी हीपमध्ये उरलेल्या नोंदी एकेक करून काढा. कोट्यवधी नोंदी असल्या तरी मेमरी २१ नोंदींचीच लागते, आणि प्रत्येक नोंदीमागचा खर्च २१ च्या लॉगॅरिदमच्या पटीत राहतो.

यात दोन गोष्टी जरूर करा. हीप समान नोंदींचा क्रम टिकवत नाही, म्हणून की सोबत येण्याचा क्रमांक जोडा. आणि नवी आलेली नोंद नुकत्याच बाहेर लिहिलेल्या नोंदीपेक्षा लहान असेल, तर ती मुकाट्याने आत घेऊ नका. तुमची २० ची मर्यादा मोडली गेली आहे. अशी नोंद वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि मोजा.

वेळेच्या नोंदींत घरांऐवजी सेकंदांची मर्यादा जास्त नैसर्गिक ठरते: आतापर्यंत पाहिलेल्या सर्वांत नव्या वेळेपेक्षा ३० सेकंद जुन्या झालेल्या नोंदीच बाहेर सोडायच्या. सतत येणारा डेटा हाताळणाऱ्या अपाची फ्लिंकसारख्या प्रणालींत वॉटरमार्क म्हणतात तो याच कल्पनेवर चालतो.

डेटा मेमरीत असेल आणि मर्यादा एक-आकडी असेल, तर साधा इन्सर्शन सॉर्ट हीपपेक्षा सरस ठरतो. तो शेजारशेजारच्या जागांवरच काम करतो, आणि प्रोसेसरच्या कॅशला तेच मानवतं.

*मोजक्याच नोंदी पण लांब चुकलेल्या असतील,* तर त्यांना बाजूला काढा. कुक आणि किम यांनी १९८० मध्ये मांडलेली युक्ती सोपी आहे. यादीवरून जाताना मागची नोंद पुढचीपेक्षा मोठी दिसली की दोन्ही काढून वेगळ्या यादीत टाका. उरलेली यादी क्रमात राहते. वेगळी काढलेली छोटी यादी सॉर्ट करा आणि दोन्ही मर्ज करा. दोन्ही का काढायच्या? १ २ ९ ३ ४ ५ अशी यादी घ्या. ९ नंतर ३ दिसल्यावर फक्त ३ काढला, तर ९ तिथेच राहतो आणि पुढे ४ आणि ५ ही निष्पाप असून बाहेर जातात. दोन्ही काढले की १ २ ४ ५ सरळ उरतात. जोडी काढल्यावर पुढची तुलना उरलेल्या यादीतल्या शेवटच्या नोंदीशी करायची, हे विसरू नका.

*सॉर्टेड तुकडे वेगवेगळ्या फाइलमध्ये असतील,* तर त्या जोडून मग सॉर्ट करू नका, थेट मर्ज करा. लिनक्सच्या सॉर्ट कमांडला फक्त मर्ज करण्याचा पर्याय आहे, आणि पायथनच्या हीपक्यू मॉड्यूलमध्ये मर्ज फंक्शन आहे. बारा महिन्यांच्या बारा फाइल असतील तर मेमरीत एका वेळी बाराच नोंदी लागतात.

पायरी ६: नेहमीचे सापळे

पहिली नोंद पायव्हट धरणारा क्विकसॉर्ट कधीच वापरू नका. क्लासमध्ये बहुधा तोच शिकवला जातो आणि जवळजवळ सॉर्टेड यादी हाच त्याचा शत्रू आहे. दहा लाखांच्या सॉर्टेड यादीवर तो सुमारे ५०,००० कोटी तुलना करायला निघतो, आणि त्याआधीच रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) खोल जाऊन त्यासाठीची मेमरी, म्हणजे स्टॅक, भरतो.

लवकर थांबणारा बबल सॉर्ट इन्सर्शनइतकाच चांगला, हा समजही सोडून द्या. बबल सॉर्ट फेरीफेरीने शेजारच्या उलट्या जोड्यांची अदलाबदल करतो आणि एकही अदलाबदल न झालेल्या फेरीनंतर थांबतो. २ ३ ४ ५ ६ ७ ८ १ ही यादी घ्या. शेवटचा १ प्रत्येक फेरीत एकच घर पुढे येतो, म्हणून बबलला २८ तुलना लागतात. इन्सर्शनला १३.

बायनरी इन्सर्शन सॉर्ट ऐकायला हुशार वाटतो. पण तो प्रत्येक नोंदीसाठी अर्ध्यातून शोध सुरू करतो, आणि जवळजवळ क्रमात असलेल्या नोंदीची जागा तर शेजारीच असते. साधा इन्सर्शन एक-दोन तुलनांत जी जागा शोधतो, तिथे याला दहा लाखांच्या यादीत वीसेक तुलना लागतात. टिमसॉर्ट तो वापरतो, पण फक्त छोट्या तुकड्यांवर.

पायरी ७: वेळ मोजताना

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट इथे आहे. बहुतेक सॉर्ट दिलेल्या यादीतच बदल करतात. तोच सॉर्ट लूपमध्ये दहा वेळा चालवून सरासरी काढली, तर पहिली फेरी सोडून उरलेल्या नऊ फेऱ्या पूर्ण सॉर्टेड यादीवर होतात, आणि इन्सर्शन सॉर्ट चमत्कारासारखा वेगवान दिसतो. प्रत्येक फेरीला मूळ यादीची नवी प्रत द्या आणि प्रत काढण्याचा वेळ मोजमापातून वगळा.

त्याच पद्धतीला पूर्ण पिसलेली यादीही एकदा द्या. आज डेटा जवळजवळ क्रमात आहे, पण उद्या एखाद्या सर्व्हरचं घड्याळ चुकलं किंवा दिवसभराच्या नोंदी रात्री एकदम आल्या, तर निवडलेली पद्धत किती वेळ घेईल हे आजच माहीत हवं. तो वेळ परवडणारा नसेल तर सुरुवातीला पायरी ३ मधलं पहिलं मोजमाप कोडमध्येच ठेवा: तुकडे ठरावीक संख्येपेक्षा जास्त निघाले की तयार सॉर्टकडे वळा आणि तो आकडा लॉगमध्ये लिहा. मोजमापाची ही एक फेरी सॉर्टच्या मानाने स्वस्त असते, आणि डेटाचा स्वभाव बदलू लागला की तो आकडा तुम्हाला आधी कळवतो.